बारापेडेची वटवाघळे आणि अभ्यासकाचे जाणे

अनगोळहून खानापुरास जाऊन पुढे पश्चिमेकडे वळले, म्हणजे भीमगडचे अरण्य लागते. 2011 साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या प्रदेशातील बारापेडे गुहांत रॉटन यांचे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते. 1913 साली ऑल्डफिल्ड थॉमस यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. चालू शतकाच्या आरंभी मेघालय व कंबोडिया येथे ते आढळेपर्यंत या गुहा हेच त्याचे जगातील एकमेव ज्ञात वसतिस्थान होते.

ज्यांचे नाव या प्राण्यास मिळाले, ते रॉबर्ट चार्ल्स रॉटन हे मुंबई इलाख्याचे निवृत्त वनाधिकारी. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 मध्ये आरंभिलेल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीचे ते लंडनमधील आधारस्तंभ होते. देशभर हिंडणाऱ्या संग्राहकांनी नमुने पाठवावेत, रॉटन व ब्रिटिश म्युझियममधील तज्ज्ञांनी ते तपासावेत, आणि सोसायटीने अहवाल छापावेत, अशी कामाची वाटणी होती. निधीची खटपट करणारे मानद सचिव मिलार्ड यांनी 1920 मध्ये हिंदुस्थान सोडला. पुढच्याच वर्षी रॉटन निवर्तले. तरीही पाहणी 1923 पर्यंत चालली. प्रत्येक कातड्यास व कवटीस स्थळ, दिनांक आणि संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी होती, आणि अहवाल शेवटासाठी राखून न ठेवता वेळोवेळी प्रसिद्ध होत गेले होते. मागून येणाऱ्यास ते पुरेसे ठरले.

आज वनखाते, संशोधक आणि ग्रामस्थ मिळून असे काम करतात, तेथे संशोधक केव्हातरी जाणारच. कोणाची शिष्यवृत्ती संपते, कोणास परगावी नोकरी लागते. वनाधिकाऱ्यांचीही बदली होतेच. दोघे एकाच वर्षी गेले तर मागे उरतो तो गावचा वाटाड्या, आणि त्याला कोणी विचारत नाही.

वटवाघळांची मोजणी दिसते तितकी सोपी नव्हे. सायंकाळी ती गुहेबाहेर पडतात तेव्हा मोजणारा कोठे उभा होता, किती वाजता आरंभ केला, आकाश कसे होते, यावर आकडा बदलतो. नवा माणूस दहा पावले दूर उभा राहिला, तर कळप घटल्याचा भास होईल. अथवा खरी घट ध्यानात येणार नाही, आणि हे अधिक वाईट. मादीला बहुधा वर्षाकाठी एकच पिल्लू होत असल्याने झालेली हानी लवकर भरून निघत नाही.

म्हणून जाणाऱ्याने व येणाऱ्याने निदान एक हंगाम एकत्र मोजणी करावी. आकडे मात्र वेगवेगळ्या वह्यांत लिहून मग ताडून पाहावेत. उभे राहण्याची जागा नकाशावर दाखवावी. नोंदवहीची एक प्रत परिक्षेत्र कार्यालयात असावी. संशोधकाच्या खासगी संगणकातील छायाचित्रे ही कार्यालयाची नोंद नव्हे. नव्या माणसास गावात घरोघर नेऊन ओळख करून देणे हेही कामच समजावे. शिक्षकांनी मुलांना हा विषय अवश्य सांगावा, परंतु गुहेत नेऊ नये.

आणखी एक कार्यालयीन बाब. हा प्राणी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अभयारण्यातील संशोधनाची परवानगी ठरावीक व्यक्तीस व ठरावीक मुदतीपुरती मिळते. ती आपोआप दुसऱ्याच्या नावे होत नाही. उत्तराधिकाऱ्याचा अर्ज जुना संशोधक येथे असतानाच दाखल व्हावा, म्हणजे मधला हंगाम वाया जाणार नाही.