स्टिक ड्रिफ्ट

स्टिक ड्रिफ्ट हा व्हिडिओ गेम कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये आढळणारा हार्डवेअर दोष आहे. कंट्रोलरवरील ॲनालॉग स्टिकला बोटाचा स्पर्श नसतानाही ती एखाद्या दिशेला ढकलली जात असल्याचा संकेत कन्सोलला मिळत राहतो. परिणामी पडद्यावरील पात्र आपोआप चालू लागते, दृश्य एका बाजूला सरकत राहते किंवा यादीतील निवड खेळाडूच्या इच्छेविना बदलते. हा दोष कोणत्याही एका कंपनीपुरता मर्यादित नाही. निन्टेंडो स्विचचे जॉय-कॉन, प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स आणि एक्सबॉक्सचे कंट्रोलर या सर्वांमध्ये तो नोंदवला गेला आहे. त्याचे मूळ बहुतेक वेळा जुळणीतील चुकीत नसून झिजणाऱ्या सुट्या भागाच्या निवडीत असते. त्यामुळे तो ‘बिघाड’ मानायचा की ‘नेहमीची झीज’, हा प्रश्न ग्राहक हक्कांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला आहे.

रचना व कार्यपद्धती

बहुसंख्य कंट्रोलरमधील ॲनालॉग स्टिकच्या बुडाशी दोन पोटेन्शियोमीटर बसवलेले असतात. एक आडव्या अक्षावरील व दुसरा उभ्या अक्षावरील हालचाल मोजतो. पोटेन्शियोमीटर म्हणजे बदलता विद्युतरोध. त्यात कार्बनयुक्त लेपाचा एक पट्टा असतो आणि त्यावरून धातूचा बारीक स्पर्शक घासत सरकतो. पट्ट्याच्या दोन टोकांना ठरावीक विद्युतदाब दिलेला असतो. स्पर्शक ज्या जागी असेल, त्या प्रमाणात त्याच्यावरील विद्युतदाब कमी-अधिक होतो. हा दाब अंकीय रूपात बदलून कन्सोलकडे पाठवला जातो.

उदाहरणार्थ, स्थिती ० ते २५५ या अंकांत मोजली जात असेल, तर मोकळी सोडलेली स्टिक १२८ च्या आसपास असणे अपेक्षित असते. स्टिक सोडल्यावर तिला मध्यावर परत आणण्याचे काम स्प्रिंग करते. मात्र प्रत्येक वेळी ती अगदी त्याच बिंदूवर येत नाही. म्हणून मध्याभोवतीचा काही भाग ‘डेड झोन’ म्हणून सोडून दिला जातो आणि त्या मर्यादेतील हालचालीकडे खेळ दुर्लक्ष करतो. मोकळ्या स्टिकचे मापन या मर्यादेबाहेर गेले की ड्रिफ्ट जाणवू लागतो.

कारणे

ड्रिफ्टची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

कार्बन पट्ट्याची झीज: स्पर्शक सतत घासल्याने लेप पातळ होतो. झिजलेल्या जागी रोध बदलतो व स्टिक स्थिर असतानाही वेगळा दाब मोजला जातो. घर्षणातून निघालेली कार्बनची पूड स्पर्शक व पट्टा यांच्यामध्ये अडकून मापन आणखी अस्थिर करते.

स्प्रिंग सैल होणे: वापराने स्प्रिंगचा ताण कमी होतो आणि स्टिक पूर्णपणे मध्यावर परतत नाही.

प्लॅस्टिकच्या भागांची झीज: स्टिकची हालचाल पोटेन्शियोमीटरपर्यंत पोहोचवणारे भाग झिजल्यास त्यांत ढिलेपणा येतो.

धूळ व आर्द्रता: स्टिकभोवतीच्या फटीतून धूळ आत जाते. दमट हवेत धातूच्या स्पर्शकांवर ऑक्साइडचा थर जमू शकतो.

जॉय-कॉनमध्ये जागा अत्यंत कमी असल्याने नेहमीच्या उभ्या पोटेन्शियोमीटरऐवजी चपट्या कार्बन पट्ट्यांची पातळ रचना वापरली आहे. तत्त्व तेच असले तरी झीज होण्यास वाव तेथेही राहतो.

आयुर्मान

दुरुस्तीविषयक माहिती प्रसिद्ध करणाऱ्या आयफिक्सिट या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये ड्युअलसेन्सच्या स्टिकचे विश्लेषण केले. त्यातील जपानी बनावटीच्या पोटेन्शियोमीटरचे कार्यकारी आयुष्य २० लाख आवर्तने असल्याचे उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकावरून दिसून आले. वेगवान नेमबाजीच्या खेळात स्टिक मिनिटाला सुमारे ८० वेळा फिरवली जाते असे धरल्यास ही मर्यादा सुमारे ४१७ तासांत संपते. रोज दोन तास खेळणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत हा काळ सुमारे सात महिने होतो. मर्यादा ओलांडताच स्टिक बिघडतेच असे नाही. मात्र त्यापुढे अचूकतेची खात्री उत्पादक देत नाही. कोडी सोडवण्याच्या वा संथ खेळांमध्ये तोच भाग कितीतरी अधिक काळ टिकू शकतो.

इतिहास

पूर्वीचे दोष

कन्सोलच्या हार्डवेअर दोषांशी जुळवून घेणे हा खेळाडूंच्या व्यवहाराचा जुना भाग आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील अनेक घरांत ‘टीव्ही गेम’ या नावाने ओळखली जाणारी, निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या धर्तीवरील यंत्रे वापरात होती. कॅसेट चालेनाशी झाली की ती काढून फुंकर मारायची व पुन्हा बसवायची, ही पद्धत सर्वत्र रूढ होती. प्रत्यक्षात कॅसेट पुन्हा बसवल्याने स्पर्शबिंदूंची जुळणी बदलत असे व त्यामुळेच खेळ सुरू होई. फुंकरीतील ओलावा मात्र स्पर्शबिंदू गंजण्यास हातभार लावत असे.

१९९६ मध्ये आलेल्या निन्टेंडो ६४ च्या कंट्रोलरमधील स्टिक प्रकाशीय पद्धतीने हालचाल मोजत असे. तिच्यात पोटेन्शियोमीटर नव्हते. तरीही प्लॅस्टिकचे भाग एकमेकांवर घासून झिजत व स्टिक सैल होऊन डुलू लागे.

एक्सबॉक्स ३६०

नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलच्या दर्शनी कळीभोवतीच्या चार दिव्यांपैकी तीन लाल होऊन यंत्र बंद पडत असे. हा दोष ‘रेड रिंग ऑफ डेथ’ या नावाने कुप्रसिद्ध झाला. यंत्र तापणे व थंड होणे यांच्या पुनरावृत्तीमुळे आतील सूक्ष्म जोडण्यांवर ताण येऊन त्या तुटत होत्या. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठीची हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली व त्यासाठी १ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद जाहीर केली. व्यापक दोषाची जबाबदारी उत्पादकाने उघडपणे स्वीकारल्याचे हे एक ठळक उदाहरण मानले जाते.

जॉय-कॉन

निन्टेंडो स्विच ३ मार्च २०१७ रोजी विक्रीस आला. प्रारंभी डाव्या जॉय-कॉनचा बिनतारी संपर्क मध्येच तुटण्याच्या तक्रारी होत्या. त्यानंतर ड्रिफ्टच्या तक्रारी वाढत गेल्या. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत कंपनीविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. त्याच महिन्यात तेथे हमीची मुदत संपलेले जॉय-कॉनही विनामूल्य दुरुस्त केले जात असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय ग्राहक संघटनांच्या महासंघाने सुमारे २५,००० तक्रारींच्या आधारे युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. महासंघाच्या म्हणण्यानुसार त्यांपैकी ८८ टक्के प्रकरणांत कंट्रोलर पहिल्या दोन वर्षांतच बिघडले होते. २०२३ मध्ये निन्टेंडोने युरोपीय आर्थिक क्षेत्र, ब्रिटन व स्वित्झर्लंड येथे हमीनंतरही ड्रिफ्टची दुरुस्ती विनामूल्य करण्याचे जाहीर केले.

ड्युअलसेन्स व एक्सबॉक्स

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ड्युअलसेन्सबाबत फेब्रुवारी २०२१ मध्ये सोनीविरुद्धही अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२० मध्ये एलिट सीरिज २ या महागड्या कंट्रोलरची हमी ९० दिवसांवरून एक वर्ष केली. सोनीने जानेवारी २०२३ मध्ये आणलेल्या ड्युअलसेन्स एजमध्ये संपूर्ण स्टिक भाग हाताने काढून बदलता येतो. ही सोय नेहमीच्या ड्युअलसेन्समध्ये नाही.

उपाय

ड्रिफ्टवरील उपाय तीन पातळ्यांवर केले जातात.

पहिली पातळी सॉफ्टवेअरची. कंट्रोलरची अंतर्गत प्रणाली अद्ययावत करणे, मध्यबिंदू नव्याने निश्चित करणे आणि खेळातील डेड झोन वाढवणे हे त्यातील उपाय होत. डेड झोन वाढवल्याने ड्रिफ्ट झाकला जातो, परंतु झीज थांबत नाही. शिवाय स्टिकच्या सूक्ष्म हालचाली टिपल्या जात नसल्याने नेम धरणे किंवा गाडी हळुवार वळवणे अवघड होते. डेड झोन वाढवत नेण्याची वेळ वरचेवर येऊ लागणे, हे तो भाग बदलण्याची गरज जवळ आल्याचे लक्षण समजले जाते.

दुसरी पातळी स्वच्छतेची. कंट्रोलर बंद करून स्टिकच्या बुडाशी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे वा विद्युत स्पर्शकांसाठीच्या द्रावणाचे अल्प प्रमाण सोडतात, स्टिक फिरवतात व द्रावण पूर्ण वाळल्यावरच कंट्रोलर पुन्हा सुरू करतात. दोष धुळीमुळे असल्यास याचा दीर्घकाळ उपयोग होतो. लेपच झिजला असल्यास सुधारणा तात्पुरती ठरते. बिजागऱ्यांसाठी वापरले जाणारे साधे वंगण येथे अयोग्य असते, कारण त्याच्या तेलकट थरावर धूळ चिकटते.

तिसरी पातळी भाग बदलण्याची. जॉय-कॉनची स्टिक स्क्रू व पट्टीच्या जोडणीने बसवलेली असल्याने ती डाख न लावता बदलता येते. ड्युअलसेन्सची स्टिक मात्र मुख्य पट्टीवर १४ ठिकाणी डाखलेली असते. ती काढताना अधिक उष्णता दिल्यास पट्टीवरील तांब्याचे मार्ग उखडण्याचा धोका असतो. नवीन स्टिक बसवल्यावर तिचा मध्यबिंदू जुन्याशी जुळत नाही. त्यामुळे मापनाचे नव्याने समायोजन करावे लागते. ते न केल्यास कुशलतेने केलेल्या दुरुस्तीनंतरही ड्रिफ्ट कायम असल्याचा भास होतो.

चुंबकीय संवेदक

घर्षण टाळणारा पर्याय म्हणून हॉल परिणामावर आधारित स्टिक वापरल्या जातात. हा परिणाम अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधला. अशा स्टिकच्या टोकाशी चुंबक असतो व संवेदक त्याच्या क्षेत्रातील बदल मोजतो. दोहोंचा परस्परांना स्पर्श होत नसल्याने मापन करणारा भाग झिजत नाही. हे तंत्र नवे नाही. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या १९९८ च्या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये ते वापरले गेले होते.

अलीकडे स्वतंत्र उत्पादकांच्या अनेक कंट्रोलरमध्ये हॉल संवेदक तसेच कमी वीज वापरणारे टीएमआर संवेदक आढळतात. मात्र स्प्रिंग सैल होणे व समायोजन बिघडणे या शक्यता त्यांतही उरतात. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ च्या जॉय-कॉन २ मध्ये हॉल संवेदक नाहीत. त्यांच्या स्टिकही पोटेन्शियोमीटरवर आधारित असल्याचे सुटे भाग तपासल्यावर आढळून आले.

भारतातील स्थिती

भारतात प्लेस्टेशन ५ ची विक्री २ फेब्रुवारी २०२१ रोजी सुरू झाली. त्या वेळी कन्सोलची किंमत ४९,९९० रुपये व सुट्या ड्युअलसेन्सची किंमत ५,९९० रुपये होती. हमी संपल्यावर कंट्रोलर बदलण्यासाठी एवढा खर्च करण्यापेक्षा स्टिक बदलून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. निन्टेंडोने स्विच भारतात अधिकृतपणे विक्रीस आणला नाही. येथे आलेले स्विच समांतर आयातीतून आलेले असल्याने परदेशात जाहीर झालेल्या विनामूल्य दुरुस्तीचा लाभ येथील खरेदीदारांना सहजासहजी मिळत नाही. अशा उपकरणांच्या बाबतीत विक्रेत्याने दिलेली हमी, असल्यास, हाच मुख्य आधार उरतो. मुंबईतील लॅमिंग्टन रोड म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली हे भाग इलेक्ट्रॉनिक वस्तू व सुट्या भागांच्या बाजारपेठांसाठी प्रसिद्ध आहेत.

कायदेशीर तरतुदी

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात वस्तूच्या गुणवत्तेतील वा दर्जातील उणीव ‘दोष’ या संज्ञेत येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ग्राहकाला आपण राहत असलेल्या जिल्ह्यातच ती दाखल करण्याची मुभा आहे. त्यामुळे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या मांजरी बुद्रुकमधील रहिवाशाने परगावच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन कंट्रोलर घेतला असला, तरी त्याला पुणे जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीसाठी शुल्क नाही. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तक्रारीत खरेदीची पावती, हमीपत्र व कंपनीशी झालेला लेखी पत्रव्यवहार उपयुक्त ठरतो. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू झाले. शेती अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्स, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात समाविष्ट आहेत.

ई-कचरा

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांच्या अनुसूचीत खेळणी व मनोरंजन साधनांच्या गटात व्हिडिओ गेम उपकरणांचा समावेश आहे. कंट्रोलरमध्ये लिथियम-आयन बॅटरी असल्याने तो घरगुती कचऱ्यात टाकणे धोकादायक असते. एका झिजलेल्या पट्ट्यापायी सुस्थितीतील बॅटरी, कंपन देणाऱ्या मोटारी व मुख्य पट्टी यांसह संपूर्ण कंट्रोलर टाकून द्यावा लागणे, हा या दोषाबाबतचा प्रमुख पर्यावरणीय आक्षेप आहे. स्टिक सहज बदलता येण्याजोगी ठेवल्यास ग्राहकाचा खर्च व कचरा दोन्ही कमी होतात, असे दुरुस्तीच्या अधिकाराचे पुरस्कर्ते मांडतात.

हे सुद्धा पहा

• पोटेन्शियोमीटर
• हॉल परिणाम
• ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
• ई-कचरा
• नियोजित कालबाह्यता