दूरवैद्यकाचे प्रकार : पनवेल तालुक्याच्या संदर्भात

डॉक्टर आणि रुग्ण एका ठिकाणी नसताना संदेशवहनाच्या साधनांद्वारे दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय सेवेस दूरवैद्यक अथवा टेलिमेडिसिन असे म्हणतात. इस्रोने २००१ च्या सुमारास उपग्रहाद्वारे रुग्णालये जोडण्याचे प्रयोग सुरू केले; पुढे मोबाइलमुळे हीच सेवा खिशात आली.

दृक्-श्राव्य संभाषणात उभयता एकाच वेळी समोरासमोर असतात. दुसऱ्या प्रकारात क्ष-किरण चित्र, हृदयालेख किंवा त्वचेचे छायाचित्र साठवून पाठवले जाते व तज्ज्ञ सवडीने मत देतो. घरच्या घरी मोजलेला रक्तदाब वा साखर कळवणे, हा तिसरा. पनवेलसारख्या तालुक्यात मात्र या तिन्हींपेक्षा मध्यस्थासह होणारा सल्ला अधिक महत्त्वाचा ठरतो. एकीकडे नवी मुंबईची रुग्णालये हाकेच्या अंतरावर, तर दुसरीकडे प्रबळगड-माथेरानच्या पायथ्याशी कातकरी-ठाकरांच्या वाड्या. तेथील रुग्णाचे अंतर केवळ किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. त्यात बुडालेली मजुरी आणि गाडीभाडेही धरावे लागते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनीच्या पहिल्या स्वरूपात उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसून दूरच्या डॉक्टरशी बोलतो. पोट दाबून पाहणारा हात तेथे असतो, आणि रुग्णाची बोली समजणारा माणूसही. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या थेट रुग्णसेवेत हा हात नाही.

कायद्याची बाजू बराच काळ अस्पष्ट होती. रत्नागिरीतील एका प्रसूत स्त्रीच्या मृत्यूप्रकरणी, दूरध्वनीवरून उपचार सांगितल्याच्या संदर्भात, मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. डॉक्टरवर्ग धास्तावला, हे स्वाभाविकच होते. २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीकृत डॉक्टरांना ध्वनी, चित्र व लिखित संदेश ही तिन्ही माध्यमे खुली केली, पण औषधांची वर्गवारीही घातली. काही औषधे पहिल्याच भेटीत, तीही चित्रफितीवर रुग्ण पाहूनच, लिहिता येतात. काही केवळ पुनर्भेटीत. अमली द्रव्ये कधीच नाहीत. सल्ला रुग्णाने स्वतः मागितला असल्यास संमती गृहीत धरली जाते. आरोग्यसेवकाने मागितल्यास ती स्पष्टपणे घ्यावी लागते.

तातडीच्या प्रसंगी प्रथमोपचार सांगून रुग्णास प्रत्यक्ष तपासणीस पाठवावे, असे ही तत्त्वे सांगतात. छातीत कळ आलेल्या रुग्णासाठी '१०८'ची रुग्णवाहिका येते ती रस्ता असेल तेथपर्यंत; त्यापलीकडच्या वाडीतून त्याला झोळीतच खाली आणावे लागते.