संपादकाला कोण काढू शकतं?

१९९० सालची दिवाळी नुकतीच झाली होती. भातकापणी उरकून खळ्यावर झोडणी चालली होती. आमचं गाव राजापूर तालुक्यात, पाचलच्या पुढे, अणुस्कुऱ्याच्या घाटाकडे तोंड करून बसलेलं. आत्या गोठ्यामागच्या जांभ्याच्या गडग्याजवळ पेंढ्याचे भारे उचलून उडवीकडे नेत होती. तिसऱ्या की चौथ्या भाऱ्याखाली विंचू होता. लाल, बोटभर. करंगळीला डंख बसला तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली.

कोकणात विंचू चावणं नवं नाही. कोणीतरी उतरवणाऱ्याकडे धावलं. पण पंधरा-वीस मिनिटांत आत्याचं लुगडं घामाने पाठीला चिकटलं, ओकारी झाली आणि हातपाय विहिरीच्या पाण्यासारखे गार पडले. करंगळीची कळ कमी झाली असं ती म्हणाली, आणि जमलेल्या बायकांना हायसं वाटलं. काकांना मात्र वाटलं नाही. आदल्याच वर्षी शेजारच्या वाडीतलं एक पोरगं असंच गार पडून रात्रीत गेलं होतं. त्यांनी जीप काढून तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, छातीला नळी लावली आणि एक इवलीशी गोळी तोंडात घातली. मग खुर्ची ओढून ते पलंगाजवळ बसले. दर अर्ध्या तासाने दंडाला पट्टा बांधायचा, पारा बघायचा, वहीत आकडा लिहायचा. उजाडताना आत्याने चहा मागितला.

ती गोळी प्राझोसिनची होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. औषध रक्तदाबाचं. ते विंचवाच्या विषावर चालतं हे राजापूर तालुक्यातल्या एका साध्या डॉक्टरांना १९९० साली कसं ठाऊक होतं, या प्रश्नाचा माग काढता काढता मी वैद्यकीय नियतकालिकांच्या जगात शिरलो.

माग आधी महाडला जातो. डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव मराठी वाचकाला ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या त्यांच्या आत्मकथनामुळे ओळखीचं आहे. १९७६ च्या सुमाराला ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाने डंख मारलेली माणसं, विशेषतः मुलं, त्यांच्यासमोर फुप्फुसात पाणी भरून मरत होती. गंभीर रुग्णांपैकी शंभरातले चाळीसएक दगावत. बावस्कर रात्ररात्र रुग्णापाशी बसून नोंदी ठेवू लागले. घाम कधी सुटतो, हातपाय कधी गार पडतात, नाडी कधी बदलते. विष शरीरातली ॲड्रिनॅलिनच्या जातीची द्रव्यं एकदम उसळवतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या दाबापुढे हृदय थकतं, हे त्यांच्या लक्षात आलं. करंगळीची कळ ओसरणं आणि अंग गार पडणं हे बरं होण्याचं लक्षण नसून पुढच्या संकटाची वर्दी आहे, हेही त्या नोंदींतूनच उमगलं. या पूर्वसूचनांवरचा त्यांचा निबंध १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिनबद्दलचं लेखन १९८६ साली तिथेच आलं. पुढे मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उतरलं.

बावस्करांच्या चिकाटीबद्दल खूप लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. मला टेबलाच्या पलीकडच्या माणसाबद्दल बोलायचं आहे. आरोग्य केंद्रात काम केलेला, मागे कुठलीही बडी संस्था नसलेला एक डॉक्टर लिहून पाठवतो, आणि लंडनमध्ये कोणीतरी ते पाकीट फोडून पत्ता न बघता मजकूर वाचतो. तज्ज्ञांकडे पाठवतो, छापायचं ठरवतो. कोणाला विचारावं लागत नाही, कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. आत्याच्या गोळीचा रस्ता त्या टेबलावरून आला.

आता हे टेबल कोणाचं असतं ते पाहू. वैद्यकीय नियतकालिकाला बहुधा मालक असतो. डॉक्टरांची संघटना, एखादं कॉलेज किंवा प्रकाशन कंपनी. मालक संपादक नेमतो. संपादक आलेले निबंध त्या विषयातल्या जाणकारांकडे तपासायला देतो आणि शेवटी छापायचं की नाही ते ठरवतो. पैसा येतो वर्गणीतून, जाहिरातींतून, हल्ली लेखकांकडून घेतलेल्या शुल्कातून आणि पुनर्मुद्रणांतून. पुनर्मुद्रण म्हणजे औषध कंपनीला सोयीच्या निबंधाच्या छापील प्रती तिने हजारोंनी विकत घेऊन डॉक्टरांना वाटणं. अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने नोव्हेंबर २००० मध्ये व्हायॉक्स या वेदनाशामकाच्या चाचणीचा निबंध छापला. मर्क कंपनीने त्याच्या नऊ लाखांहून अधिक प्रती घेतल्या. हृदयविकाराचा धोका उघड झाल्यावर २००४ साली ते औषध बाजारातून काढून घ्यावं लागलं, आणि त्या निबंधाबद्दल चिंता व्यक्त करणारं टिपण नियतकालिकाने डिसेंबर २००५ मध्ये छापलं. संपादकांनी पैसे पाहून निबंध घेतला असं मी म्हणत नाही. पण ज्या निबंधावर तिजोरी भरते त्याच्याकडे दुसऱ्यांदा कठोर नजरेने बघणं माणसाला जड जातं, एवढं खरं.

मालकाचा हात थेट कसा पोचतो, हे कॅनडात दिसलं. तिथल्या मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाचे संपादक होते जॉन होई. २००५ च्या अखेरीस त्यांच्या वार्ताहरांनी एक साधी गोष्ट केली. तातडीच्या गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागल्या होत्या. देशातल्या निरनिराळ्या भागांतल्या तेरा स्त्रियांना औषधाच्या दुकानांत जाऊन ती गोळी मागायला सांगण्यात आलं. काही दुकानांत त्यांना खासगी आयुष्याबद्दल प्रश्न विचारले गेले. हे छापून येणार अशी कुणकुण लागताच औषधविक्रेत्यांच्या संघटनेने तक्रार केली, मालकांनी दबाव आणला आणि बातमी बदलून छापावी लागली. होई गप्प बसले नाहीत. आपल्या पानांत मालकांनी ढवळाढवळ केली, हे त्यांनी त्याच पानांत लिहिलं. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकारी ॲन मरी टॉडकिल यांना काढून टाकलं. संपादक मंडळातल्या बहुसंख्यांनी राजीनामे दिले. मग चौकशी समिती बसली, संपादकाच्या स्वातंत्र्याची लेखी हमी आली, मालक आणि संपादक यांच्यामधली देखरेख समिती नव्याने नेमली गेली. सगळं मार्गी लागलं असं वाटलं. दहा वर्षांनी, २०१६ च्या फेब्रुवारीत, असोसिएशनने त्या वेळच्या संपादकाला काढलं आणि ती देखरेख समितीही बरखास्त केली. ज्याने कुंपण घातलं त्यालाच ते उपटायचा अधिकार होता.

१९७८ साली व्हँकुव्हरमध्ये एकत्र आलेल्या संपादकांच्या गटाने पुढे जी नियमावली घडवली, तीत हे स्वच्छ लिहिलेलं आहे की मजकुरावर अंतिम अधिकार संपादकाचा, आणि मालकाने एकेका निबंधात हात घालू नये. नियमावली जगभर मानली जाते. पण संपादकाच्या नेमणूकपत्रात काय लिहिलंय, त्याला कोणत्या कारणावरून काढता येतं आणि ते कारण कोण तपासणार, या तीन ओळींवर सगळं येऊन थांबतं. त्या ओळी वाचक कधी पाहत नाही.

आता घराजवळ येऊ. मुंबईत परळला केईएम रुग्णालय आणि शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या अध्यापकांची सोसायटी १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ चालवते. वॉर्डातल्या फेऱ्या, तास, परीक्षा सांभाळून शिकवणारे डॉक्टरच ते काढतात. या परंपरेचं मोल आपण पुरेसं केलेलं नाही, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या काही डॉक्टरांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची निवडणूक लढवली. व्यवसायातली कट प्रॅक्टिस आणि बेपर्वाई यांबद्दल उघड बोलणारा हा गट होता. त्यातूनच १९९३ साली वैद्यकीय नीतीवरचं एक छोटंसं पत्रक सुरू झालं. न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या त्याच्या पहिल्या संपादकांपैकी. पुढे ते ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ झालं. मालक आहे फोरम फॉर मेडिकल एथिक्स सोसायटी. स्वतंत्र मालक आणि निर्भीड संपादक, असा हा दुर्मीळ योग.

या नियतकालिकाने एप्रिल २०१८ च्या शेवटी एक लेख छापला. स्वीडनमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढतंय आणि त्यामागे एचपीव्ही लस असू शकेल, असं त्यात सुचवलं होतं. लेखक लार्स अँडरसन, संस्था स्टॉकहोमची कॅरोलिन्स्का. कॅरोलिन्स्काने कळवलं की या नावाचं कोणी आमच्याकडे नाही. नाव खोटं, पत्ता खोटा. लेखकाचं म्हणणं असं की खरं नाव दिलं तर त्रास होईल. डॉ. अमर जेसानी तेव्हा संपादक होते. संपादकांनी आधी पत्ता काढून टाकला आणि विषय सार्वजनिक हिताचा आहे म्हणून लेख ठेवला. जगभरातून टीका झाली. महिन्याभरात त्यांनी लेख मागे घेतला आणि तो ठेवण्याचा आपला निर्णय चुकला होता, हे जाहीरपणे मान्य केलं.

मी हा प्रसंग बऱ्याच मित्रांना सांगितला आहे. दर वेळी कोणीतरी म्हणतं, बघा, एवढं स्वातंत्र्य दिलं की असं होतं. मला ते पटत नाही. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत याच लसीच्या प्रकल्पात हजारो मुलींना टोचण्या दिल्या गेल्या, आणि त्यांच्या संमतीचे कागद कसे गोळा झाले यावर २०१३ साली संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. ते पाहिलेल्या संपादकांचा कान लसीविरुद्धच्या आवाजाकडे जरा जास्त कलला असेल, तर मला त्यातला माणूस समजतो. तरीही ती चूकच होती, आणि मोठी. अशा लेखाची चिठ्ठी हातोहात फिरते आणि एखादी आई मुलीला टोचून घ्यायला नेत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये स्वीडनमधल्याच सोळा लाखांहून अधिक मुली-स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास आला. सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत या कर्करोगाचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी होतं.

पण चूक कोणी दुरुस्त केली? ज्याने केली त्यानेच, सर्वांसमोर, महिन्याभरात. एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा वेकफिल्डचा निबंध ‘लॅन्सेट’ने १९९८ साली छापला, आणि पूर्णपणे मागे घ्यायला २०१० उजाडलं. बारा वर्षं. बावस्करांना जागा देणारं तेच टेबल. म्हणून नावाच्या मोठेपणावर भिस्त ठेवून चालत नाही.

आणि जिथे टेबलच नाही अशीही नियतकालिकं आहेत. मेडिकल कॉलेजात बढती हवी तर निबंध छापलेले हवेत, असा नियम झाला तशी पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानं आपल्या देशात फोफावली. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशकाला २०१९ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने लेखकांची दिशाभूल केल्याबद्दल पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली. अशा ठिकाणी तपासणी होते म्हणून सांगतात, प्रत्यक्षात पावती तेवढी फाडली जाते.

राजापूरकराने याचा विचार का करावा? एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी मातीपरीक्षण सुरू झालं आणि तालुका ढवळून निघाला. त्याआधी याच रिफायनरीवरून नाणारचा वाद झाला, त्याच्याही आधी माडबनला ९९०० मेगावॅटचा जैतापूर अणुप्रकल्प येऊ घातला. मी दोन्ही बाजूंच्या बैठकांना बसलो आहे. जवाहर चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून काढलेली पानं दोघांच्याही हातात असतात. एक म्हणतो, अशा प्रकल्पांनी दमा आणि कर्करोग वाढतो असं संशोधन आहे. दुसरा म्हणतो, काही होत नाही असं संशोधन आहे. पानांच्या वर नियतकालिकाचं नाव बारीक अक्षरात असतं आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. मी आता तेच आधी बघतो. हे कोणाचं? अभ्यासाला पैसे कोणी दिले, ते शेवटी लिहिलंय का? मालकाला न रुचणारं काही यांनी कधी छापलं आहे का? एका बैठकीत मी हे विचारलं तेव्हा दोन्हीकडची माणसं माझ्यावर सारखीच रागावली. नंतर एक तरुण शिक्षक बाहेर येऊन थांबला, त्याने हातातलं पान उलटसुलट केलं आणि म्हणाला, “सर, यात संपादकाचं नावच नाही.”

बावस्करांच्या गोष्टीचा एक भाग राहिला. प्राझोसिनने त्यांचं नाव झालं. त्यानंतर विंचवाच्या विषावरची प्रतिलस उपलब्ध झाली तेव्हा त्यांनी महाडमध्ये सत्तर रुग्णांची चाचणी घेतली. पस्तीस जणांना नुसतं प्राझोसिन, पस्तीस जणांना प्राझोसिनबरोबर प्रतिलस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले नुसत्या गोळीवाले आठ, प्रतिलसवाले बत्तीस. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०११ साली हे छापलं.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा तो निबंध आत्याला मराठीत समजावून सांगितला. आता ती ऐंशीच्या पुढे आहे, खळ्यावर जात नाही, पण अजूनही चुलीपाशी लाकूड उचलण्याआधी ते काठीने उलथून बघते. आकडे तिने दोनदा विचारले. आठ आणि बत्तीस. मग बराच वेळ करंगळी चोळत बसली.

“म्हणजे,” ती म्हणाली, “आपल्याच गोळीला त्यानंच कमी म्हटलंन्?”

“हो.”

“आणि त्यांनी ते छापलंनी?”