सरावाचे गुण पाहून फॉर्म सोडू नका

तळवलीतील एक मुलगी बी.कॉम. झाली. एमबीएच्या सीईटीसाठी तिने एका क्लासची सराव परीक्षा दिली. ५२ पर्सेंटाईल आले. वडील म्हणाले, "राहू दे, फॉर्मचे पैसे तरी वाचतील."

रविवारी विहारात मी तिची उत्तरे पाहिली. २०० पैकी ८२ प्रश्न कोरे! चुकले तर गुण कापतील ही भीती. अहो, तसे कॅटमध्ये होते. पर्यायी प्रश्न चुकला की एक गुण जातो. आपल्या राज्याच्या सीईटीत २०२५ च्या पद्धतीप्रमाणे १५० मिनिटांत २०० प्रश्न, बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला काही नाही. पाच पर्यायांत नुसत्या अंदाजाने खुणा केल्या तरी ८२ मध्ये सोळाएक बरोबर येतात.

शिवाय पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. शंभरात किती जण आपल्या मागे, तो हिशेब. क्लासमध्ये बहुतेक फी भरून तयारी करणारी मुले. खऱ्या परीक्षेला सगळा महाराष्ट्र. तेव्हा दोन्हीकडचा आकडा एकच कसा येईल? उलटही घडते. सोप्या पेपरात ९५ दाखवून पुढच्या बॅचची फी मागणारेही आहेत, त्यांच्यापासून सावध राहा.

मुलीने फॉर्म भरला. पैसे वडिलांनीच दिले.