शरीरातील घड्याळ आणि सकाळचा उजेड

जानेवारीत बुलढाण्याचा सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि बुलढाणा त्याच्या सव्वासहा अंश पश्चिमेस आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला सूर्य घड्याळाच्या पंचवीस मिनिटे मागे चालतो. पहाटे पाचला उठणारा वसतिगृहातील विद्यार्थी हिवाळ्यात दोन तास अंधारातच वावरतो.

याला महत्त्व आहे, कारण आपले शरीर भिंतीवरील घड्याळ पाहत नाही. ते उजेड पाहते. मेंदूच्या तळाशी सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक पुंजका झोप, भूक, शरीराचे तापमान आणि संप्रेरके यांची दैनंदिन लय राखतो. या लयीमागील जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक माणसांत हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित अधिक वेळ घेते, म्हणून ते रोज जुळवावे लागते. डोळ्यांतील काही विशेष पेशी हे काम करतात. सकाळचा उजेड घड्याळ पुढे आणतो, तर रात्रीचा उजेड ते मागे ढकलतो आणि झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन रोखतो. किशोरवयात तर हे घड्याळ मुळातच उशिरा चालते. म्हणून पहाटे न उठणारे प्रत्येक मूल आळशी ठरत नाही.

झोप बिघडली की अनेकजण अ‍ॅक्युपंक्चरकडे वळतात. प्राचीन चिनी वैद्यकानेही दिवसाचे बारा भाग करून प्रत्येक भाग एकेका अवयवाशी जोडला होता. निद्रानाशात सुयांमुळे काहींना आराम पडल्याचे काही अभ्यासांत आढळते. परंतु उजेडाप्रमाणे सुया शरीराचे घड्याळ जुळवतात, असे सिद्ध झालेले नाही.

रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणारे आपले पालक आणि रात्रपाळी करणारे माजी विद्यार्थी यांची झोप सवयीने नव्हे, परिस्थितीने मोडते. शेतीला दिवसा वीज मिळणे हा म्हणूनच आरोग्याचाही प्रश्न आहे.

जे आपल्या हाती आहे ते मात्र बिनखर्चाचे आहे. सूर्योदयानंतर अर्धा तास मुलांना वर्गाऐवजी अंगणात बसवावे. रात्री दिवे मंद करावेत आणि मोबाईल दूर ठेवावा. वसतिगृहाचे वेळापत्रक आखताना घंटेइतकाच सूर्याचाही विचार व्हावा.