पखवाज तळहाताला ऐकू येतो

भोपाळच्या ध्रुपद केंद्रात 1980च्या दशकात उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर शिकवत असत. ध्रुपदाला साथ पखवाजाची. त्याच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापतात. पुडी जड होते आणि नाद खाली उतरतो. कर्णबधिर मुलांना संगीत शिकवताना हीच कणीक कामाला येते. त्वचेतले कंपनग्राहक सेकंदाला 200 ते 300 कंपनांच्या आसपास सर्वाधिक तल्लख असतात, हजाराच्या पुढे ते जवळजवळ बधिर होतात. म्हणजे पखवाजाचा खर्ज खोडावर टेकवलेल्या तळहातापर्यंत नक्की पोहोचतो. 2001मध्ये अमेरिकेतील डीन शिबाता यांनी मेंदूच्या चित्रणातून दाखवले की, कर्णबधिरांमध्ये स्पर्शाच्या कंपनांनी श्रवणाचा भागही जागा होतो. बाराव्या वर्षापर्यंत बहुतेक श्रवण गमावलेल्या एव्हलिन ग्लेनी अनवाणी पायांनी कंपने टिपत जगप्रसिद्ध तालवादक झाल्या. शिवाय आपला ताल हातावर दिसतोच: चौतालाच्या 12 मात्रांत पहिली, पाचवी, नववी आणि अकरावी टाळीची, तिसरी आणि सातवी खालीची.

यावर आक्षेप येतो, की हा नुसता ठेका झाला, राग कुठे आहे? आक्षेप अर्धा खरा आहे. शेजारच्या दोन स्वरांच्या कंपनसंख्येत जेमतेम 6 टक्क्यांचा फरक असतो आणि तो ओळखणे त्वचेला फार कठीण जाते. पण लय म्हणजे दुय्यम संगीत, हे कोणी ठरवले? कानासोबत स्पर्श आणि दृष्टीही वापरणाऱ्या या बहुसंवेदी पद्धतीवरचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अनेक स्वमग्न मुलांना आवाज, प्रकाश, स्पर्श एकदम आले तर त्रास होतो. म्हणून बहुसंवेदी शिक्षण म्हणजे सगळ्या इंद्रियांवर एकाच वेळी मारा, असा अर्थ घेणे घातक आहे. स्वमग्न मुलांपैकी काहींची स्वरांची स्मृती विलक्षण असते. त्यांना संथ तानपुरा पुरे, दिवे आणि थरथरते फलक नकोत. संगीताने स्वमग्नता कमी होते, ही जाहिरातही थांबावी. नऊ देशांतील 364 मुलांवरच्या 2017च्या चाचणीत संगीतोपचाराने लक्षणांची तीव्रता घटली नाही. माँट्रियलमधील 51 मुलांच्या 2018च्या अभ्यासात संवाद मात्र सुधारलेला दिसला. हा फायदा झाला तर उत्तमच, पण गणित शिकवताना आपण उपचाराचा पुरावा मागत नाही, मग संगीतालाच ही अट का? भोपाळमध्ये पखवाजवादक आहेत आणि विशेष शिक्षकही आहेत; शाळांनी दोघांना एका वर्गात आणावे आणि कोणत्या मुलाला कोणते इंद्रिय मानवते, हे आधी पाहावे.