तबकडीवर नसलेली नावे

मिरारोडच्या पूर्वेस बेव्हर्ली पार्क नावाची वस्ती आहे. उंच इमारती, खाली दुकानांची रांग आणि रात्री उशिरापर्यंत न थांबणारी रहदारी. तेथे मी राहतो. अकरा वाजून गेले, की खिडक्या लावून घेऊन मी एखादी जुनी तबकडी ऐकावयास बसतो. घरच्या मंडळींना याचे नवल वाटते. जी गोष्ट तुम्हांस पाठ झाली आहे ती पुनःपुन्हा ऐकून तुम्हांस काय मिळते, असे ती विचारतात. आज त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, आणि ते देता देता माझ्या हातून घडलेली एक चूकही कबूल करावी, असा माझा विचार आहे.

लुई आर्मस्ट्राँग याची 'वेस्ट एंड ब्लूज' ही तबकडी माझ्या विशेष आवडीची. 28 जून 1928 रोजी शिकागो येथे ती मुद्रित झाली. त्या वेळी वादकाचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. मूळ रचना किंग ऑलिव्हर याची. आरंभी कोणाचीही साथ न घेता एकटे ट्रंपेट वाजते. ताल अजून बांधलेला नसतो. आपल्याकडील आलापाचेच हे स्थान. मात्र आलापाची संथ चाल येथे नाही, स्वर विजेसारखे चमकून जातात. मग लय बांधली जाते. ब्लूजचे एक आवर्तन बहुधा बारा मापांचे आणि प्रत्येक माप चार मात्रांचे, म्हणजे एकूण 48 मात्रांचे असते. आपले गवई समेवर येतात, तसे हे वादक प्रत्येक आवर्तनाच्या मुखाशी येऊन मिळतात. स्वरसंगतीचा मार्ग आधी ठरलेला; त्या मार्गाने चालावयाचे कसे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे. एका आवर्तनात ट्राँबोन बोलतो. दुसऱ्यात क्लॅरिओनेटशी आर्मस्ट्राँगचा कंठ संवाद करतो. त्यातील अक्षरांना अर्थ नसतो, आणि मराठी श्रोत्याला तराण्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पुढे अर्ल हाइन्स याचा पियानो येतो. शेवटी ट्रंपेट एकच उंच स्वर जवळजवळ सोळा मात्रा धरून ठेवते, आणि ऐकणाऱ्याचा श्वासही तेवढा वेळ अडून राहतो.

दहा इंची तबकडी मिनिटास 78 फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावे. मैफलीतील उत्स्फूर्त गाणे त्या रात्रीबरोबर जाते. या तीन मिनिटांतील उत्स्फूर्त वादन मात्र जसेच्या तसे राहिले. पहिल्या वेळी ऐकताना पुढे काय येणार हे आपणांस ठाऊक नसते. पन्नासाव्या वेळी ते ठाऊक असते, परंतु तेव्हा एक निराळीच गोष्ट ध्यानात येऊ लागते. या वळणावर वादकास दुसरीकडेही जाता आले असते, आणि तो तिकडे गेला नाही, हे कळू लागते. त्याने सोडलेल्या वाटा दिसू लागल्या, की वाट निवडणारा माणूस ओळखीचा होतो. जिन्यावरच्या पावलांवरून घरचा माणूस ओळखावा, तसा मग तो पहिल्या दोन स्वरांत ओळखू येतो. माझ्या घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

माणूस ओळखीचा झाला, की त्याचे नाव जाणून घ्यावेसे वाटते. त्या काळच्या तबकड्यांवर बहुधा वाद्यवृंदाचे किंवा त्याच्या प्रमुखाचेच नाव छापीत. कोणत्या तबकडीवर कोणते वाद्य कोणी वाजविले, याची शोधाशोध रसिकांनीच केली. शार्ल दलोने या फ्रेंच रसिकाने 1936 साली पॅरिस येथे अशा माहितीचा कोशच प्रसिद्ध केला. 'वेस्ट एंड ब्लूज' मधील ट्राँबोन फ्रेड रॉबिन्सनचा आणि क्लॅरिओनेट जिमी स्ट्राँगचा, हे आज मी सांगू शकतो, ते अशा रसिकांच्या चिकाटीमुळे.

हा सारा परदेशचा कारभार, त्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध फार जवळचा आहे. 1935 साली लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड आले. त्यांचे वादन कान देऊन ऐकणाऱ्यांत गोव्याचे तरुण होते. चर्चच्या शाळेत स्वरलिपी व व्हायोलिन शिकून हे लोक मुंबईस येत. कित्येक धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडीत राहत. हळदोण्याचा आंतोनियु शाव्हिएर वाझ त्यांपैकीच एक. 'चिक चॉकलेट' या नावाने तो गाजला आणि लोक त्यास हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी त्यास साहाय्यक म्हणून घेतले. भगवानदादांचा 1951 चा 'अलबेला' पाहिलेल्यांनी चिक चॉकलेटला त्याच्या ताफ्यासह पडद्यावर पाहिलेही आहे. परंतु किती जणांस त्याचे नाव ठाऊक असेल? सिनेमाच्या तबकडीवर गायकाचे व संगीत-दिग्दर्शकाचे नाव असे; वाजविणाऱ्यांची नावे छापण्याची रीत नव्हती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले, आणि शिष्याने 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' मधील गीतातून गुरूचे नाव देशभर पोहोचविले. नाव घरोघर झाले. ते एका खऱ्या वादकाचे आहे, हे मात्र फार थोड्यांस कळले.

आता माझी चूक. माझ्या वडिलांजवळ सिनेमाच्या तबकड्यांचा मोठा संग्रह होता. एका वाद्यवृंदातील गोवेकर वादकाशी त्यांचा स्नेह होता. त्याला विचारून वडील प्रत्येक पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहून ठेवीत: ट्रंपेट अमुक, सॅक्सोफोन अमुक. मी त्या वेळी आर्मस्ट्राँगचा भक्त. सिनेमाची गाणी मला हलकी वाटत. गिरगावातील चाळ सोडून बेव्हर्ली पार्कात आलो, तेव्हा जागा अपुरी म्हणून मी माझ्या परदेशी तबकड्या तेवढ्या बरोबर घेतल्या आणि वडिलांचा संग्रह पाकिटांसकट रद्दीवाल्यास दिला. पुढे एका रात्री 'अलबेला'ची गाणी सहज कानी पडली. दोन ओळींच्या मधल्या जागेत ट्रंपेट असे काही बोलून गेले, की मी ताठ उठून बसलो. वाजविणारा कोण, हे पाहावयास पाकीट राहिले नव्हते.

गाणी आज हवी तेव्हा ऐकावयास मिळतात. पेन्सिलीची ती अक्षरे मिळत नाहीत. ग्रेगरी बूथ यांनी 2008 साली व नरेश फर्नांडिस यांनी 2012 साली ग्रंथ लिहून या वादकांची बरीच माहिती जतन केली आहे. उरलेले काम आपल्या घरांतच होण्यासारखे आहे. आपल्या ओळखीत कोणी वाद्यवृंदात वाजवीत असेल वा असे, तर त्याचे नाव, गाव, वाद्य आणि गाणे एका कागदावर लिहून ठेवावे. आणि जुन्या वस्तू टाकावयाच्या असतील, तर पाकिटाची मागली बाजू आधी वाचून पाहावी, एवढीच माझी विनंती आहे.